कुंदा, शाळा सुरू झाली

शाळा उघडली त्या सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर तुझं अक्षर तसंच होतं, कुंदा. वर 'येत्या दिवसांत' असा मथळा, त्याखाली लाल खडूची रेघ आणि मग तुझ्या उजवीकडे कललेल्या अक्षरात एकाखाली एक: रोडग्यांची पंगत, आजी-आजोबांचा दिवस, बालमेळावा, जंगलवाट. दिवाळीच्या सुट्टीला निघताना तू ते लिहिलं होतंस. पोरं केव्हाच पळाली होती, मी स्कूटी सुरू करून हॉर्न वाजवत होते आणि तू खडू घेऊन मागेच.

"थांब वं," तू म्हणालीस. "आल्यावर पोट्ट्यायले दिसलं पाह्यजे पुढं काय काय हाये ते. नाई त सुट्टीतून आलेलं पोट्टं लय उदास राह्यते."

पोरं आली. त्यांना दिसलं. सगळी फळ्यासमोर उभी राहिली आणि एकही आत येईना.

तू सुट्टीत वडनेरला आईकडे गेली होतीस. अंगणात उन्हात बसून आईचे केस विंचरत होतीस, डोकं धरलंस आणि कलंडलीस. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हे मला विलासनं, तुझ्या भावानं, फोन करून सांगितलं. पण त्यानं फोन तुझ्याच नंबरवरून केला. माझ्या फोनवर तुझं नाव आलं, म्हणून मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले, "हे बघ, जंगलवाटेचं मी अजून मान्य केलेलं नाही." पलीकडून पुरुषाचं रडणं ऐकू आलं.

वडनेरला तुझ्या दारात सगळी पांढऱ्या कपड्यांत होती. मी कारंज्याच्या दुकानदाराची मुलगी. इतकी वर्षं आपण एकत्र शाळा चालवली, एका डब्यात जेवलो, पण त्रिसरण-पंचशील मला पाठ नव्हतं. बाजूला आपली आठवीची पोरं उभी होती, ती म्हणत होती, आणि मी त्यांच्या ओठांकडे बघून अर्धे अर्धे शब्द उचलत होते. तुझ्या आईनं माझा हात धरला होता. हाताला खोबरेल तेलाचा वास होता. तो तिच्याच केसांचा, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तर, शाळा उघडली. प्रश्न होता लहान्यांना कसं सांगायचं. खेळाचे प्रवीण सर म्हणाले, "पहिली-दुसरीले आत्ता नका सांगू. गावाले गेल्या म्हना. हळूहळू विसरतील."

मला शाळेची बकरी आठवली. ती मेली तेव्हा तू पहिलीच्या पोरांना गोल बसवून सांगितलंस, "मेली. मेली म्हनजे आता ते उठत नाई, खात नाई, आपल्याले ओळखत नाई." दुसऱ्या दिवशी एक आई तक्रार घेऊन आली, पोरगं रात्रभर रडलं म्हणून. तू तिला म्हणालीस, "मंग काय सांगाचं होतं, बकरी मुंबईले नोकरीले गेली?" ती बाई रागात आली होती, हसत परत गेली.

म्हणून मीही लहान्यांना गोल बसवलं. म्हणाले, "कुंदाताई वारल्या. वारल्या म्हणजे आता त्या उठत नाहीत, जेवत नाहीत..." तिसरं वाक्य तोंडातून निघेना, कुंदा. आपल्याला ओळखत नाहीत, हे मी पोरांना सांगू शकले नाही. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

पहिलीतल्या ओवीनं विचारलं, "मंग आता फळ्यावर कोन लिहन?"

"मी लिहीन."

"तुमचं अक्षर खराब हाये."

सगळी पोरं हसली. मीही हसले. तुझ्यानंतरचं ते पहिलं हसणं, आणि हसता हसता मी सवयीनं दाराकडे पाहिलं. असं काही झालं की तू दारात येऊन उभी राहायचीस, 'काय झालं, मलेबी सांगा' म्हणत.

पुढचे दिवस विचित्र होते. शाळा चालली होती, पण ती तूच चालवत होतीस. फळ्यावर जे लिहिलं होतं ते होत होतं. कोणी विचारलं नाही की यंदा रोडगे करायचे का. एका सकाळी पालक गोवऱ्या घेऊन आले, आयांनी कणीक मळून रोडग्यांचे गोळे केले, मळ्यातली वांगी निघाली. तुझ्या रबरी चपला व्हरांड्यात खांबापाशी होत्या, त्या कोणी उचलल्या नाहीत. पोरं धावत यायची आणि तिथं आली की वळसा घालून जायची.

पंगत बसली तेव्हा नेहमीसारखा गोंधळ. कोणाला पाणी नाही, कोणाच्या ताटात मुंग्या, सातवीची पोरं पाचवीच्यांना ढकलतायत. आणि एकदम स्वयंपाकघराच्या बाजूनं टाळ्या वाजल्या. पोरांना गप्प करायला तू वाजवायचीस तशाच, कोरड्या आणि जोरात. सगळी पंगत गप्प झाली. पाठी ताठ झाल्या, मांड्या घातल्या गेल्या, हात मांडीवर आले. वाढपी थांबले. मी भाजीची बादली हातात धरून उभी, मान वळवायची हिंमत होत नव्हती.

तिकडे सातवीतल्या सानिकाचे वडील, गजाननभाऊ, गोवऱ्यांच्या आरातून, निखाऱ्यांतून काढलेला रोडगा या हातावरून त्या हातावर आपटत राख झटकत होते. सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून ते गोंधळले. "काय झालं? काई चुकलं काय माह्यं?"

वाढपी पुन्हा वाढायला लागले. आणि कुंदा, त्यानंतर पंगत शेवटपर्यंत शिस्तीत झाली. पोरांनी ताटंसुद्धा न सांगता धुतली.

आजी-आजोबांचा दिवस झाला. एका आजोबांनी पोरांना दोरी वळायला शिकवली, एका आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि मध्येच विसरून स्वतःच हसत सुटली. बालमेळावा झाला. पोरांनी भजी विकली, बोरं विकली. तू असतीस तर भज्यांत मीठ कमी म्हणून परत केली असतीस आणि दुसरी घेतली असतीस. सगळं पार पडलं. आणि फळ्यावर राहिली एक ओळ, जी आपल्या भांडणाची होती.

त्या भांडणाचं काय करायचं?

दरवर्षी थंडीत तू पोरांना पांधनीनं, शेतांमधल्या वाटेनं चालत जंगलाच्या कडेच्या तलावापर्यंत नेत होतीस. यंदा दसऱ्याच्या आसपास तिकडच्या तुरीत वाघ दिसल्याची बातमी आली. मी म्हणाले, यंदा बंद. तू म्हणालीस, यंदाच खरी गरज. आपण शाळेच्या पायरीवर बसून भांडलो, रस्त्यात भांडलो, सेलूला चहा पिताना टपरीवाल्यासमोर भांडलो.

"एका पोराला काही झालं तर?" मी.

"हे पोट्टे मायसंग कापूस येचाले त्याच वावरात जातात. तठी वाघ नाई काय? शाळेनंच काऊन डोळे मिटाचे?"

"म्हणजे तू त्यांना भिऊ नका म्हणून शिकवणार."

"नाई. नीट भ्यायचं कसं थे शिकवणार."

"ते वर्गात शिकव ना."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं तू तेरा अधिक आठ वीस म्हणणाऱ्या पोराकडे बघायचीस. म्हणालीस, "सुट्टी झाल्यावर बोलू." आणि मी मान्य केलेलं नसताना फळ्यावर लिहून गेलीस.

मला वाटत होतं, त्या ओळीपुढे तू प्रश्नचिन्ह दिलं होतंस. मी स्कूटीवरून पाहिल्याचं मला आठवत होतं. शाळा उघडल्यावर जवळ जाऊन नीट बघायचं मात्र मी टाळत आले होते. पण बालमेळाव्यानंतर अवकाळी पाऊस आला, वाऱ्यासकट, आणि सकाळी फळा जवळजवळ सगळा धुऊन गेला होता. 'येत्या' तेवढं राहिलं होतं. पोरांनी बालसभा घेतली आणि ठरवलं की आठवणीनं परत लिहायचं. मग जे सुरू झालं ते तू पाहायला हवं होतंस. चौथीच्या एकानं शपथेवर सांगितलं की ताईंनी आइस्क्रीम पार्टी लिहिली होती. दुसरा म्हणाला, नागपूरची सहल. जंगलवाटेवर सगळ्यांचं एकमत होतं. मी विचारलं, "त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं ना?" निम्मी पोरं हो म्हणाली, निम्मी नाही. सानिका म्हणाली, "होतं, पन ताई, थे रेघ मारताना उडालेलं लाल खडूचं ठिपकं बी असू शकते."

त्यानंतर मला झोप लागायच्या आधी रोज तो फळा दिसायचा. कधी त्यात प्रश्नचिन्ह असायचं, कधी नसायचं.

इकडे पालकांच्या ग्रुपवर चर्चा पेटली. गजाननभाऊंनी लिहिलं, 'वाघ अजून फिरून राह्यला. पोट्टे नेऊ नका.' कोणी लिहिलं, परंपरा आहे, मोडू नका. कोणी लिहिलं, परंपरेसाठी पोर द्यायचं का. शब्दाला शब्द लागत गेला. दुपारची वेळ, मी ऑफिसात बसून वाचत होते, शेजारी प्रवीण सर त्यांच्या फोनवर. आणि ग्रुपच्या वर दिसलं: कुंदाताई टायपिंग.

प्रवीण सरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

मी बघत राहिले. तीन ठिपके हलत होते. ग्रुपवर सगळे थांबले होते, एक अक्षर कोणाचं येत नव्हतं. सगळ्या गावांतून, शेतांतून, दुकानांतून सगळे त्याच ओळीकडे बघत असणार. तू काहीतरी लिहीत होतीस. थांबत होतीस, पुन्हा लिहीत होतीस. मग ते गेलं. काहीच आलं नाही.

तुझा नंबर विलासनं चालू ठेवलाय हे मला माहीत होतं. तरी मी त्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सरळ वडनेरची बस धरली.

आई खाटेवर बसली होती, फोन मांडीवर. मला पाहून तिनं पदर सावरला. "ये वं माधुरी. बस."

"आई, काल फोनवर कोणी काही लिहीत होतं का?"

"माह्याच हातानं दबलं असन बाई. मले काय लिहता येते? विलासनं उघडून देल्लं. शाळेचे फोटो येतात ना त्यात. मी पाह्यत राह्यते."

"पोरांचे?"

"पोट्ट्यायचे बी." मग म्हणाली, "थे कुठं दिसते काय म्हनून पाह्यते."

नव्या फोटोत तू कशी दिसशील, हे त्या बाईला समजावणारी मी कोण? शाळेच्या दाराकडे बघत मीही तेच तर करत होते.

"रोडग्याच्या फोटोत एक बाई हाये," आई म्हणाली. तिनं फोन माझ्यासमोर धरला, बोटानं फोटो मोठा केला, हे तिला जमत होतं. "हे पाय. मांगं उभी, आपल्याकडं पाठ हाये तिची. मी लय येळ पाह्यलं."

"ती मी आहे, आई."

"हाव काय," ती म्हणाली आणि फोन परत मांडीवर ठेवला. बंद नाही केला.

तिनं चहा ठेवला. चुलीपाशी बसून मग तीच बोलायला लागली. "घरी आली का तुह्यासंगच भांडे थे. भाकरी थापता थापता. माधुरी असं म्हनन, मंग मी असं म्हनन. तुहं बी तीच बोले आन् तिचं बी तीच. आवाज बी बदलवे, तुह्यासारका."

"मग जिंकायचं कोण?"

"कोन जिंकन वं. भाकर जळे."

मी हसले. मग विचारलं, "त्या दिवशी? केस विंचरताना काही बोलत होती?"

"थेच. जंगलाचं चालू होतं. माह्या डोक्यात फनी घाले आन् बोले. तू म्हनत होती पोट्टे लहान हायेत, त्यायच्या मायबापाले काय तोंड दाखवाचं..."

'तू म्हणत होती.' आई हे इतकं सहज म्हणाली, जशी मी त्या अंगणात हजर होते.

"मग ती काय म्हणाली?"

आईनं चहा गाळला. "मंग तिनं डोकं धरलं," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला टेकून बसले होते. हिंगणघाट गेलं, वर्धा आलं, मला काही दिसलं नाही. आपल्या भांडणात शेवटचं वाक्य माझं होतं, कुंदा. तुझ्या तोंडून, माझ्या आवाजात. आणि त्यावरचं तुझं उत्तर तुझ्या डोक्यात कुठपर्यंत आलं होतं, कोणाला ठाऊक. मी ते वाक्य कितीदा तरी म्हणून पाहिलं आणि नंतर थांबून पाहिलं, उत्तर येतं का म्हणून. आलं नाही. आयुष्यात प्रथमच तुझ्याशी भांडताना मला पुढचं बोलू देणारी शांतता मिळाली होती, आणि ती मला नको होती.

पालकांची बैठक शाळेच्या अंगणात झाली. मी उभी राहिले आणि म्हणाले, यंदा जायचं. फक्त सहावी ते आठवी. ज्यांच्या घरून हो आहे तेवढीच. बरोबर पालक, पुढे वनरक्षक, तलावाच्या अलीकडच्या काठापर्यंत, आणि उन्हं चढल्यावर निघून दुपारच्या जेवणाला परत. वनरक्षकानं आदल्या दिवशी वाट तपासून नाही म्हटलं तर नाही.

गजाननभाऊ म्हणाले, "ताई, तुमीच त नाई म्हनत होत्या."

"हो."

"मंग?"

"मी अजूनही नाहीच म्हणते, भाऊ. पण भांडणात एकीचंच बोलणं पुरं झालं. दुसरीचं राहिलं."

त्यांना किती कळलं माहीत नाही. ते म्हणाले, "मी येतो. पोट्टीच्या संगं मी चालन."

थंडी होती त्या दिवशी. पांधनीच्या दोन्ही बाजूंना तूर उभी, शेंगांनी वाकलेली, आणि पलीकडे पऱ्हाटीत शेवटचा कापूस. सगळ्यात पुढे वनरक्षक आणि प्रवीण सर. मग पोरं, मध्ये मध्ये पालक. रांग लागली तेव्हा मी पाहिलं, शेवटी कोणी उभं राहत नव्हतं. सगळी पोरं पुढे पुढे सरकत होती आणि मागे एका माणसाची जागा मोकळी सुटली होती. तिथं तू चालायचीस. मी नेहमी पुढे असायचे, वेळेकडे बघत, घाई करत. मी जाऊन मागे उभी राहिले.

मागून शाळा वेगळी दिसते, कुंदा. चेहरे दिसत नाहीत. कोणाची चप्पल तुटायला आलीय, कोण लंगडतंय पण सांगत नाही, कोण मुद्दाम मागे रेंगाळतंय कारण त्याच्याशी पुढे कोणी बोलत नाही, हे सगळं मागून दिसतं. पोरांच्या घरचं तुला इतकं कसं कळायचं, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

तलावाच्या काठी ओल्या मातीत पंजा उमटलेला होता. कडा वाळलेल्या. वनरक्षक म्हणाला, "जुना हाये. पानी प्याले आलता, गेला." पोरं भोवती उकिडवी बसली. कोणी बोट लावलं नाही. सानिकानं आपला हात शेजारी, मातीपासून वर अधांतरी धरला. तिचा अख्खा पंजा त्यात मावला असता.

"आत्ता आपल्याले पाहून राह्यला असन काय थो?" तिनं विचारलं.

"असन बी," वनरक्षक म्हणाला.

कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. सगळी एकमेकांच्या जवळ सरकली, इतकंच. आवाज खाली गेले. सातवीच्या एका दांडगोबानं, जो पंगतीत सगळ्यांना ढकलतो, शेजारच्या बारक्या पोराचा हात धरला आणि सोडला नाही. गजाननभाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती, देवळात काढतात तशी. मला भीती वाटत होती. सगळ्यांनाच वाटत होती, आणि सगळी शांत उभी होती. हेच का तुझं उत्तर? मला माहीत नाही. माझं मत बदललेलं नाही. पुढच्या वर्षीही मी आधी नाहीच म्हणेन.

परतताना ऊन डोक्यावर आलं होतं. रांग लांबली, गप्पा सुरू झाल्या. मी शेवटी. माझ्यामागे फक्त पांधन होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं, आणि मानेवर ते सतत जाणवत होतं. सानिका रेंगाळत रेंगाळत माझ्याजवळ आली.

"ताई, तुमच्या मांगं कोन हाये?"

"कोणी नाही."

"मंग भेव नाई लागत?"

"लागतं."

तिनं थोडा विचार केला. "मी चालू काय मांगं?"

"नाही. तू पुढे हो. मागं मी चालते."

ती गेली, पण थोडं चालली की वळून माझ्याकडे बघायची. मी हात वर करायचे. पुन्हा चालायची, पुन्हा बघायची. नाल्यापर्यंत हे चाललं. नाला ओलांडल्यावर मैत्रिणीनं तिला काहीतरी सांगितलं, ती खळखळून हसली, तिच्या खांद्यावर हात टाकून चालायला लागली आणि मग तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.

मीही इतकी वर्षं पुढे चालत आले, कुंदा, आणि कधी वळून पाहिलं नाही. तशी वेळच तू येऊ दिली नाहीस.